गुडघ्यांपुरतं वय

"काका, तुम्ही अजून लहान आहात," लॅपटॉपवरून मान वर न करता साई म्हणाला.

सीताराम ओव्हाळ यांनी हे वाक्य याआधी पासष्ट वर्षांपूर्वी ऐकलं होतं. तेव्हाही ते रांगेत उभे होते आणि तेव्हाही त्यांना घरी परत पाठवण्यात आलं होतं. फरक एवढाच, की तेव्हा त्यांचे गुडघे दुखत नव्हते.

मांजरीच्या 'केन मेडोज' सोसायटीच्या हॉलमध्ये त्या रविवारी 'ज्येष्ठ आरोग्य छत्र' योजनेची कार्डं काढून मिळत होती. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला सगळे उपचार फुकट, अशी ती योजना होती. सत्तर हा आकडा कुणी ठरवला ते कुणालाच माहीत नव्हतं. त्या वयापर्यंत रांग आपोआप कमी होते, असा काहीसा त्यामागे अभ्यास असावा. साई हा कार्ड काढून देणारा कंत्राटी ऑपरेटर. हॉलमध्ये योजनेविषयी अधिकारवाणीने बोलणारा तो एकटाच होता, आणि त्याचं स्वतःचं कंत्राट त्या महिन्याअखेर संपत होतं.

"अहो, मी एकाहत्तर वर्षांचा आहे," सीताराम म्हणाले.

"सिस्टीममध्ये अडुसष्ट दिसताय. एक जून सत्तावन्न."

"ती कागदावरची तारीख. खरा जन्म चौपन्नचा."

"काका, इथे कागदावरच्याच माणसांना कार्ड देतात. नेक्स्ट!"

नेक्स्ट म्हणजे बापूराव होते. सोसायटी ज्या उसाच्या रानावर उभी होती ते रान बापूरावांचं. बिल्डरने ऊस काढून टाकला आणि त्याच्या आठवणीसाठी नाव इंग्रजीत ठेवलं. बापूराव आणि सीताराम मांजरीचेच, लहानपणापासूनचे सोबती. साईने बापूरावांचा अंगठा घेतला आणि दोन मिनिटांत कार्ड हातात दिलं. "एकाहत्तर पूर्ण. अभिनंदन आजोबा!"

बापूरावांचं खरं वय एकोणसत्तर होतं. हे सीतारामना पक्कं ठाऊक होतं, कारण बापूरावांना पहिल्यांदा बोटाला धरून शाळेत त्यांनीच नेलं होतं.

त्या वेळी गावात जन्माचे दाखले नव्हते. शाळेत नाव घालायला आलेल्या पोराला हेडमास्तर उभं करायचे आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे. हात कानाला लागला की सहा वर्षं पूर्ण. मग जन्मतारीख एक जून, आणि चालू सालातून सहा वजा. एकोणीसशे साठ साली सहा वर्षांच्या सीतारामचा हात कानाच्या दोन बोटं अलीकडेच थांबला. त्यांचे हात मुळातच आखूड. हेडमास्तर म्हणाले, "अजून लहान आहेस, पुढल्या वर्षी ये." बरोबर आलेला चार वर्षांचा बापूराव हा नुसताच सोबतीला आलेला, पण त्याने हौसेने हात वर केला आणि कान धरून वर जरा पिळूनही दाखवला. त्याला त्याच दिवशी घेतलं. सीतारामचा हात कानापर्यंत पोचायला आणखी तीन वर्षं लागली. ते पहिलीत बसले तेव्हा बापूराव चौथीत होता.

पुढे या आखूड हातांचा सीतारामना फायदाच झाला. पाटबंधारे खात्यात ते हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले, ते इतरांपेक्षा तीन वर्षं उशिरा. एक जूनची माणसं एकतीस मेला निवृत्त होतात. त्या दिवशी त्यांच्या खात्यातून एकदम अकरा माणसं गेली आणि बाजारात हार कमी पडले. सीतारामनी सत्काराच्या भाषणात हेडमास्तरांची कृतज्ञतापूर्वक आठवण काढली होती. आज, हॉलमधून लंगडत घरी येताना, त्यांनी ती कृतज्ञता परत घेतली.

"मिळालं का कार्ड?" दारातच चंद्रभागाबाईंनी विचारलं.

"लहान आहे म्हणतात."

"ते मी एकोणपन्नास वर्षं सांगतेय. त्यासाठी कॉम्प्युटर कशाला लागतो?"

प्रकरण मात्र थट्टेचं नव्हतं. सीतारामांचे दोन्ही गुडघे संपले होते. रविवारी विहारात वंदनेला मांडी घालून बसता येत नव्हतं म्हणून त्यांना खुर्ची दिली जाई. आणि खुर्चीत बसलेल्या माणसाला नवे लोक प्रमुख पाहुणा समजून शेवटी दोन शब्द बोलायला सांगत. तीन रविवार सीताराम दोन-दोन शब्द बोलले. चौथ्या रविवारी ते गेलेच नाहीत. डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी महिन्याअखेरची, अठ्ठावीस तारीख दिली होती. ती चुकली तर पुढची तारीख थेट सात महिन्यांनी होती, आणि तोवर उजव्या पायाचं काही खरं नाही असंही त्यांनी एक्स-रेवर पेन आपटून सांगितलं होतं.

मुलगा बुद्धभूषण हडपसरच्या आयटी पार्कात होता. त्याच्या कंपनीच्या विम्यात एप्रिलपर्यंत आईवडील होते. मग कंपनीने एक आनंदाची मेल पाठवली, की यापुढे कर्मचाऱ्यांना विम्यात आईवडिलांऐवजी जिम मिळेल.

"पप्पा, मी भरतो ना," तो म्हणाला. "टॉप-अप लोन प्री-अप्रूव्ह्ड आहे. दोन क्लिकचं काम."

"माझे गुडघे तुझ्या कंपनीत झिजले का?"

"तसं नाही, पण..."

"सरकारी ऑफिसचे चार मजले छत्तीस वर्षं चढलोय. लिफ्ट चौऱ्याऐंशी साली मंजूर झाली, ती अजून मंजूरच आहे. सरकारने झिजवले, सरकारच बदलून देईल."

"अहो पप्पा, सरकार काही गॅरेज नाहीये."

"तुझं म्हातारपण कोण बघणार आहे, ते सांग. पेन्शन तरी आहे का तुला?"

"ॲप आहे," बुद्धभूषण म्हणाला. "त्यात रोज दिसतं, किती खाली गेलं ते."

सीतारामांनी मग स्वतःच्याच पद्धतीने काम सुरू केलं, म्हणजे अर्ज लिहिला. 'विषय: जन्मतारखेतील तफावतीबाबत.' छत्तीस वर्षं त्यांनी असे अर्ज घेतले होते आणि 'पुराव्याअभावी परत' असा शेरा मारून परत केले होते. त्यामुळे आपला अर्ज कुठे अडेल हे त्यांना लिहितानाच कळत होतं. जन्माचा साक्षीदार हवा होता. हयात साक्षीदार एकच होती, लोणी काळभोरची मैनाआत्या.

बापूरावांच्या गाडीतून दोघे तिला घेऊन नोटरीकडे गेले. मैनाआत्या अठ्ठ्याऐंशी वर्षांची, पण आवाज असा की नोटरीच्या टपरीबाहेरची माणसंही साक्ष ऐकायला थांबली.

"नागपूरला दीक्षा झाली न्हवं का, छप्पनला," ती म्हणाली, "तवा ह्यो दोन वर्साचा व्हता. माज्या कडेवर. आन् सारखा मुतायचा."

"शेवटचं लिहू नका," सीताराम नोटरीला म्हणाले.

नोटरीने आत्याचं ओळखपत्र मागितलं, चष्मा पुसला आणि ते पुन्हा वाचलं. "आजी, यावर तुमचा जन्म एक्कावन्नचा आहे. म्हणजे तुमचं वय चौऱ्याहत्तर."

"आसंल. ते कारड काढाया आलेलं पोरगं लई घाईत व्हतं."

"म्हणजे ह्यांचा जन्म झाला तेव्हा तुम्ही तीन वर्षांच्या होता. तीन वर्षांच्या मुलीची साक्ष कशी घेणार?"

"म्या तवा लगीन होऊन नांदत व्हते!"

"कागदोपत्री नव्हता, आजी."

मैनाआत्याने नोटरीचे दोन्ही कान निरखून पाहिले. "बापूराव," ती म्हणाली, "ह्या वकिलाचा हात कानाला लागतोय का बघा रं."

शेवटी वाट साईनेच काढली. त्याच्या कंत्राटाचे नऊ दिवस उरले होते आणि जाता जाता कुणाचं तरी भलं करावं असं त्याच्या मनात होतं. "काका, सिस्टीममध्ये एक ऑप्शन आहे. मेडिकल बोर्डाचं वयाचं सर्टिफिकेट अपलोड केलं की वय ओव्हरराइड होतं. कुणी वापरत नाही, कारण कुणाला माहितीच नाही. मलाही चुकून बटण दाबलं तेव्हा कळलं."

मेडिकल बोर्ड म्हणजे सरकारी दवाखान्यातले तीन डॉक्टर. पैकी एक रजेवर होते, दुसरे रजेवर जायच्या तयारीत होते. तिसऱ्या तरुण डॉक्टरने सीतारामना खालीवर न्याहाळलं. पंचविशीनंतर माणसाचं वय हाडांवरून नक्की सांगता येत नाही, हे त्याने प्रामाणिकपणे कबूल केलं.

"पण काहीतरी तपासल्यासारखं करायला हवं. हात वर करा. डोक्यावरून पलीकडे न्या. जातो का?"

सीतारामनी हात वर केला. खांदा आखडलेला. हात टकलाच्या मध्यापर्यंत गेला आणि कानाच्या चांगला चार बोटं अलीकडे थांबला. हेडमास्तरांच्या हिशेबाने ते आता सहा वर्षांचेही राहिले नव्हते.

"स्टिफनेस आहे," डॉक्टर खूश होऊन म्हणाला. "एकाहत्तर म्हणताय ना? तुमचे गुडघे बघता ऐंशीसुद्धा लिहून देता येईल."

"नको, खरं तेवढंच लिहा," सीताराम घाईने म्हणाले.

तीन दिवसांत कार्ड आलं. 'वय: एकाहत्तर वर्षे.' चंद्रभागाबाईंनी शिरा केला. सीतारामनी सोसायटीच्या ग्रुपवर कार्डाचा फोटो टाकला आणि त्याला आठ हात जोडलेले आले, एक चुकून श्रद्धांजलीचाही.

शिरा पचायच्या आत पेन्शनच्या कार्यालयाचं पत्र आलं. पूर्वीच्या काळी सरकारची दोन खाती एकमेकांशी वीस-वीस वर्षं बोलत नसत, आणि त्या अबोल्यावर कित्येक संसार सुखाने चालत. आता सगळे कॉम्प्युटर जोडले गेले होते आणि आल्या आल्या एकमेकांना चुगल्या सांगत होते. पत्रात लिहिलं होतं: 'आपण स्वतः सादर केलेल्या वैद्यकीय प्रमाणपत्रानुसार आपले वय एकाहत्तर असल्याने आपण विहित वयानंतर तीन वर्षे शासकीय सेवेत राहिल्याचे निदर्शनास येते. समाधानकारक खुलासा होईपर्यंत आपले निवृत्तिवेतन स्थगित करण्यात येत आहे.'

चंद्रभागाबाईंनी पत्र दोनदा वाचलं. "म्हणजे गुडघे मिळवायला गेलात आणि पोट घालवून आलात."

"पत्राचा मसुदा मात्र चांगला आहे," सीताराम पुटपुटले. "'निदर्शनास येते' हे मीच रुळवलं होतं."

"आता म्हणायचं काय? तुम्ही अडुसष्टचे की एकाहत्तरचे?"

"तेच ठरेना."

"माझ्याशी लग्न केलं तेव्हा कितीचे होतात ते तरी सांगा. का तिथेही दोन आकडे आहेत?"

बापूराव आले. त्यांनी पत्र उलटंसुलटं करून पाहिलं. "सीताराम, कार्ड परत देऊन टाक. म्हणावं, झालो पुन्हा अडुसष्टचा."

"आणि गुडघे?"

"माझं कार्ड हाय की. माझ्या नावावर जाऊन झोप. अंगठा मी देतो, पाय तू दे."

ही सूचना दोघांनीही चांगली अर्धा तास गांभीर्याने तपासली, हे इथे नमूद करायला हवं.

दुसऱ्या दिवशी सीताराम काठी टेकत पेन्शनच्या कार्यालयात गेले. तिथे कल्याणी नावाच्या तिशीच्या मॅडम होत्या. त्यांच्या टेबलावर फायली नव्हत्या, फक्त स्क्रीन होता, आणि सीतारामना समोरचा माणूस नेमका कशामागे लपणार हेच कळेना.

"आपण बसा ना, सर. आपला खुलासा?"

सीतारामनी रात्रभर लिहिलेला चार पानी खुलासा पुढे केला. त्यात हेडमास्तर, कान, आखूड हात, सगळं क्रमवार होतं. शेवटचं वाक्य होतं: 'सबब, आरोग्य कार्डावरील वय हे केवळ गुडघ्यांपुरते मर्यादित समजण्यात यावे, ही विनंती.'

कल्याणी मॅडमनी ते वाचलं. हसू आलं ते त्यांनी पाण्याच्या बाटलीमागे नेऊन संपवलं.

"सर, आपण पाटबंधारेला आस्थापना शाखेत होता ना? मग आपल्याला नियम माहीतच असेल. जन्मतारीख दुरुस्त करायची तर नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत. त्यानंतर सेवापुस्तकातली तारीख कुणालाही बदलता येत नाही. डॉक्टरला नाही, कोर्टाला सहसा नाही, आणि आपल्याला तर मुळीच नाही."

सीतारामांच्या डोळ्यांसमोर कालव्यावर पाणी सोडणारा पाटकरी बद्रीनाथ उभा राहिला. खरा जन्मदाखला कोरा करकरीत घेऊन तो सहा वेळा त्यांच्या टेबलाशी आला होता आणि सहाही वेळा त्यांनी हाच नियम त्याला तोंडपाठ म्हणून दाखवला होता.

"म्हणजे मी..."

"आपण अडुसष्ट. आपण कितीही एकाहत्तर असलात तरी. आमच्या दृष्टीने तीन वर्षं जास्त नोकरी झालेलीच नाही."

"आणि कार्डावरचं एकाहत्तर?"

"ते आरोग्य खातं आहे, सर. त्यांच्या आकड्यांत आम्ही पडत नाही." मॅडमनी तिथल्या तिथे पेन्शन पुन्हा चालू करण्याचं बटण दाबलं आणि विचारलं, "सेवापुस्तकानुसार वयाचा दाखला देऊ का? पुन्हा कुणी प्रश्न विचारला तर असू द्या."

सीतारामनी आयुष्यात कधी फुकटचा दाखला नाकारला नव्हता. गोल शिक्का मारून घेतलेला दाखला घडी करून खिशात घालून ते निघाले. रिक्षात बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण आता दोन आहोत, आणि दोघेही अधिकृत आहोत.

सत्तावीस तारखेला सगळे हॉस्पिटलात पोचले. योजनेच्या खिडकीवर नम्रता नावाची मुलगी होती. तिने कार्ड स्कॅन केलं. "एकाहत्तर. ओके. कोणतं ऑपरेशन?"

"गुडघा बदलायचा आहे."

तिने यादी खाली सरकवली आणि तिचा चेहरा पडला. "सॉरी आजोबा. गुडघ्याचं पॅकेज सत्तर वर्षांच्या आतल्यांनाच आहे."

बुद्धभूषण खिडकीपाशी पुढे सरकला.

"ताई," तो सावकाश म्हणाला, "कार्ड सत्तरच्या पुढच्यांना मिळतं."

"हो."

"आणि गुडघा सत्तरच्या आतल्यांना."

"हो. समितीचं असं मत आहे की सत्तरीनंतर नवीन गुडघा पुरेसा वापरला जात नाही. गुंतवणुकीच्या मानाने."

"मग हे ऑपरेशन आजवर मिळालंय कुणाला?" चंद्रभागाबाईंनी विचारलं.

"अजून कुणाला नाही, आजी. पण यादीत आहे!"

"अशीच योजना पाहिजे," बापूराव म्हणाले. "कितीबी दिवस चालवा, संपायची न्हाई."

बुद्धभूषणने मोबाइल काढला. टॉप-अप लोनची पहिली क्लिक झालीही होती. सीताराम मात्र खिडकीच्या काचेवर नाक टेकवून नम्रताचा स्क्रीन वाचत होते. छत्तीस वर्षं दुसऱ्याचे फॉर्म उलट बाजूने वाचायची सवय.

"बाई, इथे दोन रकाने आहेत ना? वरचा कार्डासाठी, आणि खालचा?"

"'पॅकेजसाठी वयाचा पुरावा.' त्यात वेगळं डॉक्युमेंट लागतं. पण त्यात तरी वय काय वेगळं असणार?"

सीतारामनी खिशातून घडी काढली, खिडकीच्या फळीवर सरळ केली आणि खिडकीतून आत सरकवली. "शासकीय सेवापुस्तक. अडुसष्ट. गोल शिक्का आहे."

"पण आजोबा, वर एकाहत्तर..."

"तो आरोग्य खात्याचा दाखला. तुमचा संगणक दोन्ही जुळलेच पाहिजेत असं म्हणतो का?"

नम्रताने पाहिलं. संगणक तसं काही म्हणत नव्हता. दोन वयांचा माणूस येईल हे तो बनवणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिने दाखला स्कॅन करून चढवला. चक्र फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. मग स्क्रीनवर हिरवी खूण उमटली आणि खाली अक्षरं आली: 'लाभार्थी पात्र. या पॅकेजचा जिल्ह्यातील पहिला लाभार्थी. अभिनंदन!'

नम्रता खुर्चीवरून उठून उभी राहिली. शेजारच्या खिडकीतल्या मुलीही पाहायला आल्या. एकीने फोटो काढला. बापूरावांनी सीतारामांच्या कानाशी तोंड नेलं. "आरं, माझा बी डावा गुडघा दुखतोय. मला बी एक बारकं वय काढून दे की कुठून तरी."

"तू शेतकरी," सीताराम दुःखाने म्हणाले. "तुला सेवापुस्तक नाही. तुला एकाच वयात भागवावं लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना हिरवा गाऊन घालून ऑपरेशनच्या खोलीबाहेर झोपवलं. चंद्रभागाबाई उशाशी उभ्या होत्या. भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आल्या. त्यांच्या हातात कागद होता, त्यावर एके ठिकाणी एकाहत्तर लिहिलं होतं आणि एके ठिकाणी अडुसष्ट.

"आजोबा, हे बघा, भुलीचं औषध मला वय बघून द्यायचं असतं. ही कार्डाची भानगड जाऊ द्या. मला खरं वय सांगा."

सीतारामनी पडल्या पडल्या त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग नम्रपणे म्हणाले,

"आधी तुमच्याकडे अट काय आहे, ते सांगा."